वरच्या पाण्यातल्या नऊ बाटल्या

१

कपाट फोडलेलं नव्हतं. कुलूप जागच्या जागी, किल्ली नेहमीच्या खिळ्याला. आतल्या फायली रांगेत उभ्या होत्या, आणि पडलेल्या दातासारखी एका वहीची जागा रिकामी होती.

"काल संध्याकाळी होती. मी स्वतः बघितली. बिनचूक सांगतो," कारकून म्हणाला. हे त्याचं पालुपद. म्हणून नदी-केंद्रात त्याला सगळे बिनचूकच म्हणत.

"मग आज काय पाय फुटले तिला?" संचालक कडाडले. त्यांना पाठीमागे तातडीसाहेब म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक काम तातडीचं. आजचं मात्र खरोखर तसं होतं. परवा सकाळी रंगाच्या कारखान्यावरच्या तक्रारीची सुनावणी होती.

धाकटी दारातच थांबली. काल चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर, तिनेच म्हटलं होतं, "उद्या मला मोजणीची मूळ वही लागेल. नऊ बाटल्यांचं काही जुळत नाहीये." तेव्हा तिथे चौघं होती: संचालक, बिनचूक, नावाडी आणि तिची ताई, थोरल्या बाई. आणि आज वही नाही.

केंद्राचं काम तसं साधं. नदीच्या तळाचे दगड हलवायचे, जाळीत येतील ते किडे बाटलीत भरायचे, आणि त्या किड्यांवरून पाण्याची तब्येत ओळखायची. रंगाच्या कारखान्याचं सांडपाणी नदीला जिथे मिळतं, त्याच्या वरच्या अंगाला वीस जागा, खालच्या अंगाला वीस. अशा चाळीस बाटल्या नावाड्याने भरल्या. थोरल्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली किडा न् किडा ओळखून वहीत रेघा ओढल्या. बिनचूकने त्या रेघांचे आकडे संगणकात घातले. आणि त्या आकड्यांना बोलतं करायचं काम धाकट्या बाईंचं. थोरल्या आणि धाकट्या, दोघी सख्ख्या बहिणी.

"कारखान्याचा वकील म्हणतो, आकडे बनावट आहेत, मूळ वही दाखवा," संचालक म्हणाले. "आता काय माझं कपाळ दाखवू? थोरल्या बाई, वही नसेल तर तो सरळ म्हणणार की तुम्ही बसल्या जागी आकडे रचले. अहवाल केराच्या टोपलीत जाईल, तुमची बावीस वर्षांची नोकरी जाईल, वर खटला होईल तो वेगळाच!"

ताई खिडकीशी उभी होती. हल्ली ती समोरच्याच्या डोळ्यांत न बघता त्याच्या कानाकडे बघून बोले. आताही तसंच, संचालकांच्या कानाकडे बघत म्हणाली, "मी काही रचलं नाही."



"उद्या दुपारपर्यंत," संचालक धाकटीकडे वळले, "वही तरी आणा, नाहीतर ती नेणारा माणूस तरी."

धाकटीने ताईकडे पाहिलं. ताईने मान फिरवली.

२

खोलीचं दार लावून धाकटीने संगणक उघडला.

तिच्याकडे एक प्रोग्रॅम होता, आणि त्याची एक गोष्ट तिला फार आवडे. त्याला जागेचं नाव सांगायचं नाही, नदी कुठून कुठे वाहते तेही सांगायचं नाही. कुठल्या बाटलीत कोण किती, एवढंच द्यायचं. मग तो प्रत्येक बाटली दुसऱ्या प्रत्येक बाटलीशी ताडून बघतो आणि जिची वस्ती जिच्याशी जुळेल, तिला तिच्या शेजारी बसवतो. पडद्यावर चाळीस ठिपके उमटतात. सारखे जवळ, वेगळे लांब. पाणी निरोगी असेल तर ठिपक्यांची रांग नदीसारखीच वळत जाते, जणू किड्यांनी आपल्या आठवणीतून नदी काढून दाखवली.

या वेळी तसं झालं नव्हतं. खालच्या अंगाचे वीस ठिपके एका कोपऱ्यात, ते ठीकच. वरच्या अंगाचे मात्र अकराच आपल्या जागी होते. बाकीचे नऊ उठून खालच्यांच्या घोळक्याच्या दाराशी जाऊन बसले होते.

कारण एकच होतं, दुपाती. दगडाला चिकटून राहणाऱ्या दोन अळ्या, अगदी जुळ्या बहिणींसारख्या. दोघींच्या पोटाकाठी पानांसारखे कल्ले. एकीचं पान अखंड, तिला ताईने नाव ठेवलेलं एकपाती. ती कुठल्याही पाण्यात निभावून नेते. दुसरीच्या पानाचं टोक केसाएवढं चिरलेलं, ती दुपाती. ती स्वच्छ पाण्यातच जगते. खालच्या अंगाला एकही दुपाती नाही, यावर तर अख्खा अहवाल उभा होता. पण वरच्या नऊ बाटल्यांतही ती नव्हती. वकिलाने नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं: पाणी वरच बिघडलेलं असेल, तर कारखान्याचा काय दोष? आणि बिघडलेलं नसेल, तर आकडे कुणी फिरवले?

कुणी फिरवले? धाकटीने कागदावर तीन चौकोन काढले: नावाडी, बिनचूक, संचालक. चौथा काढायला पेन्सिल टेकवली, आणि उचलली.

३

नावाडी घाटावर होडी घासत होता.

"काका, बाटल्यांच्या चिठ्ठ्या अदलाबदल तर झाल्या नसतील ना?"

"धाकट्या बाई, तीस वर्षं पाण्यात गेली. वरचं पाणी नि खालचं पाणी मला वासावरून कळतं. आणि कारखान्यात माझा मेव्हणा आहे म्हणून विचारताय, तेही कळतं." त्याने घासणी आपटली. "थोरल्या बाईंना कुणी खोटं म्हटलं तर मी त्याला याच पाण्यात बुचकळीन. त्या बाईंनी त्या कामापायी हाल काढलेत. मोठा दिवा पाहिजे म्हणाल्या, मी आणून लावला. आठवडाभराने म्हणाल्या, याहून मोठा आण. म्हटलं बाई, आता सूर्यच आणतो टांगायला!"

धाकटीला हसू आलं नाही. ती परतली आणि पडद्यावरच्या ठिपक्यांकडे पुन्हा बघत बसली. चिठ्ठ्या बदलल्या असत्या तर नऊ वरच्या खाली गेल्या, तशा नऊ खालच्या वर यायला हव्या होत्या. खालून वर एकही आली नव्हती. जाणं एकतर्फी होतं. तिने पहिल्या चौकोनावर काट मारली.

बिनचूक विचारण्याआधीच उसळला. "माझ्याकडून चूक? एक आकडा दाखवा, मिशी उतरवतो."

"टंकताना दुपातीचा रकाना सुटला असेल, नऊ वेळा."

"चला," म्हणाला, आणि बाटल्यांच्या खोलीत घेऊन गेला. तिथे मोजून झालेल्या प्रत्येक बाटलीच्या झाकणावर खडूने एकूण किडे लिहायची पद्धत होती. त्याने एक झाकण दाखवलं. "दोनशे चौदा. तुमच्या तक्त्यात?"

"दोनशे चौदा."

नऊच्या नऊ बाटल्या जुळल्या. प्रत्येक बाटलीत एकपातीची वेगळी कुपी असे, तिच्यावरचा आकडाही तक्त्याशी जुळला. दुपाती गळाली नव्हती. वरच्या बाकी अकरांच्या मानाने जेवढी दुपाती कमी, तेवढी एकपाती जास्त होती. कुणीतरी एकीला दुसरीच्या नावाने लिहिलं होतं. दुसरी काट.

"बिनचूक, वहीत काही खाडाखोड होती का?"

"खाडाखोड नाही. पण एक आहे." तो जरा अडखळला. "शेवटी शेवटी थोरल्या बाईंचं अक्षर मोठं झालं होतं. रेघा ओळ सोडून चालायच्या. आणि रोज संध्याकाळी म्हणायच्या, बिनचूक, आजचं पान मला वाचून दाखव, पडताळा घेऊ. एवढी काळजी मी माझ्या बायकोच्या पत्राचीही घेतली नाही."

संचालकांना तिने जिन्यात गाठलं. ते भडकले नाहीत, हेच तिला जास्त लागलं. रेलिंगला टेकून म्हणाले, "मला फोन आला होता कारखान्यातून. मी नाही म्हटलं. तुम्ही विश्वास ठेवा, नका ठेवू. थोरल्या बाईंना आला असेल तर ठाऊक नाही. मोजणी चालू असताना मध्येच अर्ध्या दिवसाची रजा घेऊन गेल्या होत्या. दाताचं काम म्हणाल्या. बावीस वर्षांत पहिली अर्धी रजा."

धाकटीला माहीत होतं, ताईचे दात मोत्यासारखे होते.

४

ताईने केंद्रात एक रीत घातली होती. बाटल्या नदीच्या क्रमाने मोजायच्या नाहीत, चिठ्ठ्या टाकून मोजायच्या. "माणूस दमतो, कंटाळतो," ती म्हणायची, "माझा कंटाळा नदीच्या एकाच काठावर का पडावा?" चिठ्ठीत निघालेला अनुक्रमही झाकणावरच लिहायचा, एकूण आकड्याच्या खाली. अहवालात तो कधी येत नसे. त्याची कुणाला गरजच पडली नव्हती.

बिनचूकने दाखवलेल्या झाकणावर धाकटीने तो खालचा आकडा पाहिला होता. सव्वीस. त्या वेळी नजर नुसती फिरली होती, आता पाय आपोआप बाटल्यांच्या खोलीकडे वळले.

पहिली बाटली, सव्वीस. दुसरी, बावीस. तिसरी, एकोणचाळीस. तिने भराभर नऊही उतरवून घेतले. सगळ्यांत लहान आकडा बावीस होता. मग वरच्याच अंगाच्या, दुपाती असलेल्या अकरा बाटल्या काढल्या. त्यांतला सगळ्यांत मोठा आकडा एकवीस.

एकविसाव्या बाटलीपर्यंत दुपाती आहे. बाविसाव्यापासून जगातून नाहीशी.

योगायोग? तिने संगणकाला सांगितलं, वरच्या वीस बाटल्यांचे हे अनुक्रम पत्त्यांसारखे पिस, पुन्हा वाट, आणि बघ असा सुरीने कापल्यासारखा भाग नुसत्या दैवाने पडतो का. त्याने नऊ हजार नऊशे नव्याण्णव वेळा पिसले. एकदाही पडला नाही.

तिसरा चौकोन आपोआप पुसला गेला. संचालकांनी तक्त्यात फेरफार केला असता तर जागा बघून केला असता. मोजणीचा क्रम तक्त्यात नव्हताच. नदीला तो क्रम ठाऊक नाही, कारखान्यालाही नाही. तो ठाऊक एकाच जागेला, सूक्ष्मदर्शकासमोरच्या खुर्चीला.

एकवीस आणि बावीसच्या मध्ये त्या खुर्चीत काहीतरी झालं होतं. आणि तिथे अर्ध्या दिवसाची खोटी रजा होती.

तिला आठवलं, आई गेल्यावर हीच ताई रोज सकाळी तिची वेणी घालायची आणि म्हणायची, मोजून तीन पेड, एकही लपवायचा नाही. धाकटीने चौथा चौकोन काढला. पेन्सिलीचं टोक तुटलं.

५

सकाळी ती ताईच्या घरी गेली. दार लोटलेलंच होतं.

"कोण?" ताई आतून म्हणाली.

धाकटी दोन हातांच्या अंतरावर उभी होती, उजेडात. ती काही बोलली नाही. ताईने डोकं किंचित तिरकं केलं, जशी पाखरं करतात, आणि तिच्या कानाकडे पाहिलं. "धाकटे, तू का?"

तिने रात्रभर घोकलेला प्रश्न वेगळाच होता. ताई, त्यांनी तुला काय दिलं? तो ओठांवर आलाही होता. पण त्या तिरक्या मानेने तो तिथेच विरघळला. मोठा दिवा. ओळ सोडून चालणाऱ्या रेघा. वाचून दाखवलेलं पान. नजर चुकवणं म्हणून जे तिने महिनाभर मनात धरलं होतं, ते चुकवणं नव्हतंच. ते शोधणं होतं.

"ताई, माझं नाक दिसतं तुला?"



"तुझे कान दिसतात," ताई म्हणाली. "केस दिसतात. मधे धूर आहे."

"कधीपासून?"

"बाविसाव्या बाटलीपासून. सकाळी बसले तर भिंगातली सरळ रेघ वाकडी. वाटलं, भिंग हललं. डावा डोळा लहानपणापासून आळशी, तुला माहीतच आहे, सगळं उजव्यावर. अर्धी रजा काढून चष्मेवाल्याकडे गेले. तो म्हणाला, हे चष्म्याचं नाही, मोठ्या डॉक्टरकडे जा, आजच जा."

"आणि तू गेली नाहीस!"

"बाटल्या राहिल्या होत्या ना गं. पहिल्या दिवशी म्हटलं, दिवा मंद आहे. दुसऱ्या दिवशी म्हटलं, या बाटलीत दुपाती नसेलच. अळी दिसायची, शेपट्या दिसायच्या. पानाचं टोक तेवढं धुरात. जे दिसलं ते लिहिलं, धाकटे. खोटं नाही लिहिलं. परवा चहाला तू नऊ बाटल्या म्हणालीस, आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली."

तिने उशाखालून वही काढली. हिरवा पुठ्ठा, कोपरे मऊ झालेले.

"जाळायची होती?"

"वाचायची होती. माझ्याच रेघा मला मोजता येईनात." ताई म्हणाली. "लोक मला खोटी म्हणतील याची भीती नव्हती. मला वेगळंच खात होतं. बावीसपासून पुढे खालच्या अंगाच्या दहा बाटल्याही आहेत. त्यांच्यापुढे मी शून्य लिहिलंय. ते शून्य कुणाचं? तिथे ती मेली म्हणून शून्य, की मला दिसली नाही म्हणून? एखाद्या गरिबाला फासावर चढवावं तसं मी त्या कारखान्याला चढवत असेन तर?"

धाकटीने तिचा हात धरला.

"तातडीसाहेबांना सांगावं लागेल."

"मीच सांगते," ताई म्हणाली. "तू नाही. माझा डोळा आहे, माझ्या तोंडाने जाऊ दे."

६

संचालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे उद्या वकील विचारणार, बाईंना दिसत नव्हतं तर मोजलं कसं? आपण संपलो."

"पहिल्या एकवीस बाटल्या पक्क्या आहेत," धाकटी म्हणाली. "उरल्या एकोणीस. मोजलेली एकपाती प्रत्येक बाटलीत वेगळ्या कुपीत ठेवलेली असते. तेवढ्याच कुप्या पुन्हा बघायच्या. आत्ता."

"बघणार कोण? ओळख आहे कुणाला?"

"ओळख ताईला आहे. डोळे माझे घ्या."

"बहीण बहिणीसाठी बघणार! वाहवा, वकील टाळ्याच पिटेल."

"म्हणून जागेच्या चिठ्ठ्या झाका. कुठली वरची, कुठली खालची, मला कळता कामा नये. ताईलाही नको. काकांना झाकू दे, बिनचूकला लिहू दे, तुम्ही समोर बसा. कुप्या तशाच ठेवून सील करा. उद्या वकिलाच्या माणसालाही भिंग देऊ."

संचालकांनी घड्याळ पाहिलं. "तातडीने," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच कुणी हसलं नाही.

मोठ्या डॉक्टरांना धाकटीने तिथूनच फोन लावला. त्यांनी त्याच दिवशी पाचला बोलावलं, आणि इतके दिवस थांबल्याबद्दल फोनवरच दोघींना झापलं. डोळ्याच्या पडद्यामागे रक्त पाझरत असावं, म्हणाले. गेलेलं परत येईलच असं नाही, राहिलेलं कदाचित वाचवता येईल. ताईने हे हात जोडून ऐकलं आणि म्हणाली, "पाचपर्यंत होतील एकोणीस."

नावाड्याने कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. चिठ्ठ्या टाकल्या. धाकटी भिंगाला डोळा लावून बसली, आणि ताई तिच्या पाठीशी उभी राहिली, खांद्यावर हात ठेवून.

"काय दिसतं?"

"एक... काळपट. पाय खूप आहेत."

"पाय सहाच. बाकीचे कल्ले. घाबरू नको, ती मेलेली आहे."

बिनचूक खुदकन हसला आणि लगेच गंभीर झाला.

ताईने पूर्वी शिकाऊ मुलींसाठी एक ओवी रचली होती. ती आता हलकेच, गुणगुणल्यासारखी म्हणाली:

"तीन शेपट्या, सहा पाय, पोटाकाठी पानं,
चिरलं टोक जिचं, तिचं निर्मळात राहणं."

"चिरलंय," धाकटी म्हणाली. "ताई, चिरलंय! कात्रीने कापल्यासारखं."

"किती?"

"एक... चार... अकरा."

खांद्यावरची बोटं घट्ट झाली. मग दुसरी कुपी. हिच्यात एकही नाही. तिसरीत सात. चौथीत नाही. पाचवीत नाही. प्रत्येक "नाही" पाठोपाठ ताई म्हणे, "अळी उलटी कर. दुसऱ्या बाजूने बघ. पान दुमडलेलं असतं कधी कधी." धाकटी चिमट्याने अळी उलटी करी. डोळ्यांत पाणी साचे, पुसून पुन्हा बघे. नाही म्हणजे नाहीच, हे सांगणं इतकं अवघड असतं हे तिला आकड्यांच्या एवढ्या वर्षांत कधी कळलं नव्हतं. तक्त्यात ते नुसतं एक गोल चिन्ह असे.

साडेचारला एकोणिसावी कुपी संपली. बिनचूकने पान पुढे सरकवलं. नऊ कुप्यांत दुपाती होती. दहांत नव्हती.

"काढा पट्ट्या," संचालक म्हणाले.

नावाडी एकेक कागद सोलत गेला. आधी दुपाती असलेल्या. "वरची. वरची. ही पण वरची." नऊच्या नऊ वरच्या अंगाच्या. त्याने दुसऱ्या रांगेला हात घातला. "खालची. खालची." तो मोठ्याने म्हणत गेला आणि आवाज बारीक होत गेला. आठ. नऊ. दहाव्या कुपीचा कागद अर्धा फाटून राहिला, त्याने नखाने खरवडला.

"खालची," नावाडी म्हणाला.

इतक्या दिवसांत प्रथमच ताईने पुरता श्वास सोडला.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "नाहीच आहे तिथे ती."

आणि खालच्या पाण्याच्या मरणाला आपण बरं म्हणालो हे ध्यानात येऊन तिने तोंडावर हात दाबला.